नागपूरची अग्निशाळा

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे देवळे, धबधबे आणि थंड हवेची ठिकाणे उभी राहतात. आम्ही मात्र भर एप्रिलात नागपूरला गेलो, आणि तेही आग विझविण्याची शाळा पाहावयास! निघताना शेजारच्या काकांनी विचारलेच, "नागपूरच्या उन्हात आणखी वेगळी आग ती कसली पाहणार?" त्यांना आम्ही हसून उत्तर दिले, पण खरे कारण हसण्याजोगे नव्हते.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी बी.एस्सी. झाल्यावर बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणली, ती कपाटात नीट रचून ठेवली, आणि आईला न सांगता नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली. सब-ऑफिसरच्या अभ्यासक्रमाला निवड झाल्याचे पत्र आले तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. "लोक आगीतून बाहेर पळतात आणि हा आत जाणार, त्याचे कौतुक मी करायचे?" एवढेच सौ. म्हणाली, आणि ते वाक्य पुढे कित्येक महिने घरात तसेच राहिले. शेवटी तिनेच ठरविले, आपण जाऊन डोळ्यांनी पाहू. पटले तर ठीक, नाहीतर मुलाला घेऊन येऊ. तिने सोबत बेसनाचे लाडू घेतले. आम्ही सोबत काय घेतले होते ते पुढे सांगू.

इंदूरहून उज्जैन, भोपाळ, इटारसी असे करीत गाडी सातपुड्यात शिरते. बैतूल गेले, आमला गेले, तापीचे उगमस्थान मुलताई गेले, की स्थानकांवरच्या हिंदीत हळूहळू मराठी मिसळू लागते आणि पांढुर्ण्यानंतर ती आपला हक्कच सांगते. या दोन शहरांचे नाते मोठे गमतीचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि इंदूर मध्य प्रदेशात आले; त्याच दिवशी नागपूर मध्य प्रदेशातून बाहेर पडले, आणि जुन्या मध्य प्रांताचे राजधानीपदही त्याचे गेले. आम्ही दारातून आत येत होतो आणि ते दारातून बाहेर जात होते. आमचे हे महाविद्यालयही त्याच वर्षीचे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, नागपूरला आले. देशाच्या मधोमध असलेले गाव ते. कोणत्याही प्रांताच्या मुलाला सारखेच दूर.

पोहोचलो तो दिवस १४ एप्रिल. नागपुरात त्या दिवशी आंबेडकर जयंतीचा उत्साह असतो; स्थानकापासून रस्ते निळ्या पताकांनी भरले होते आणि दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांची रीघ लागली होती. गर्दीतून वाट काढीत आम्ही न्याहारीला थांबलो. इंदूरकराने परगावचे पोहे खाणे हा एक प्रकारचा द्रोहच; पण काळ्या हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेले नागपुरी पोहे आम्ही खाल्ले. आपल्या वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण पडते तो एक सौम्य कारभार. हे प्रकरण निराळे. सौ.ने दोन घास घेऊन पाण्याचा पेला जवळ ओढला व म्हणाली, "इथे आग विझवायची शाळा का काढली ते कळले."

महाविद्यालय टाकळी फीडर रस्त्यावर, राजनगर भागात आहे. अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल असा देशभर पाळतात आणि त्यात बाहेरच्यांना प्रात्यक्षिके दाखविण्याची प्रथा आहे. त्या निमित्ताने, आणि चिरंजीवांनी रीतसर अर्ज केल्यामुळे, आम्हांस दोन दिवस आत जाता आले. हा सप्ताह १४ तारखेस का सुरू होतो हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्यांच्या सोबत सुमारे १४०० टन स्फोटके. दुपारपासून मुंबई अग्निशमन दलाचे जवान पाणी मारीत होते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. सकाळी संचलनाच्या मैदानावर पुष्पचक्र वाहिले गेले, दोन मिनिटे सारे निश्चल उभे राहिले. रांगेत आमचा मुलगा कोणता हे आम्हांस ओळखता येईना. एकाच उंचीचे, एकाच रंगाचे, उन्हाने रापलेले सगळे. सौ.ने मात्र त्याला पायांवरून ओळखले. तो लहानपणापासून डावा पाऊल जरा बाहेर टाकून उभा राहतो.

मग दिवसभर आम्ही जे पाहिले ते सगळे सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. त्यातले मनात राहिले तेवढे लिहितो.

सराव-मनोरा म्हणजे नुसत्या खिडक्यांची उंच इमारत. आत संसार नाही. तिच्यावर हुक लॅडरने चढतात. ही शिडी सुमारे १३ फुटांची, आणि तिच्या टोकाला दातेरी लोखंडी आकडा. आकडा वरच्या खिडकीच्या चौकटीत अडकवायचा, शिडीने चढायचे, चौकटीवर घोड्यावर बसावे तसे बसायचे, खालची शिडी हातांनी वर ओढायची आणि पुढच्या मजल्याच्या खिडकीत अडकवायची. शिडी जमिनीला टेकलेली नसतेच; ती आणि तिच्यावरचा माणूस, दोघेही त्या एका आकड्यावर. आजच्या काळात यंत्राने उंच जाणाऱ्या शिड्या आहेत, तेव्हा ही सर्कस कशासाठी, असे आम्ही एका प्रशिक्षकांना विचारले. गृहस्थ वऱ्हाडातले. म्हणाले, "साहेब, मोठी गाडी बोळात शिरते काय? आन् शिडीचं काम नाही पडलं तरी चालते. उंचीवर बसून हात थरथरत असताना विचार करता आला पाहिजे, ते शिकवतो इथं." बोळाचा उल्लेख आम्हांस लागला. तो का लागला तेही पुढे येईल.

पाण्याचा नळ पाहण्यात आमची मोठी फसगत झाली. आम्हांस वाटले होते, नळ धरणे ते काय! ६३ मिलिमीटर व्यासाचा, १५ मीटर लांबीचा होज पाण्याने भरला की त्यात सुमारे ४७ लिटर पाणी असते. म्हणजे एका माणसाएवढे वजन जमिनीवर वळवळत असते, आणि टोकाच्या ब्रँचमधून पाणी सुटले की तो मागे रेटतो. एकाने धरायचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीशी राहून भार घ्यायचा. नवखा मुलगा एकटा धरावयास गेला आणि पाण्याने त्याला अंगणात लोळविले. सगळे हसले, प्रशिक्षक हसले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा उभे केले, पुन्हा, आणि पुन्हा. सातव्या वेळी तो न सांगता गुडघ्यात वाकला व खांदा पुढे घेऊन उभा राहिला. त्याला विचारले असते तर आपण काय निराळे केले हे त्यालाही सांगता आले नसते. तिथे पुस्तकेही आहेत, परीक्षाही आहेत, नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेला अग्निअभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रमही आहे. पण मैदानावर जे चालते ते डोक्याला शिकविणे नव्हे. घाबरलेल्या माणसाचे डोके थांबते आणि शरीर तेवढे उरते. त्या उरलेल्या शरीराला आधीच सगळे ठाऊक असले पाहिजे, एवढ्यासाठी ही घोकंपट्टी.

विहिरीतील सुटकेचा पाठ आपल्या खेड्यापाड्यांशी नाते असलेल्या सर्व वाचकांनी ऐकावा असा. गाळ उपसावयास किंवा मोटर दुरुस्त करावयास एक जण विहिरीत उतरतो व मूर्च्छित होतो. त्याला काढावयास भाऊ उतरतो, मग पुतण्या, मग शेजारी. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बंद, खोल जागेत प्राणवायू कमी झालेला असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे; पण कंदील विझला तर प्राणवायू नाही एवढेच कळते, आणि जळत राहिला तर विष नाही असे मुळीच कळत नाही. शिवाय तळाशी पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करतो. म्हणून जवान पाठीवर हवेचा सिलिंडर बांधल्याशिवाय उतरत नाही, कमरेला दोर असतो, आणि वर दोर धरणाऱ्याशी ओढींची भाषा ठरलेली असते. बेशुद्ध माणसाला वर घेण्यासाठी 'चेअर नॉट' मारतात. एकाच दोराच्या दोन फासांची ती खुर्ची: एक फास काखेखाली, एक गुडघ्यांखाली. आमच्या चिरंजीवांनी ती गाठ डोळे मिटून, बोलता बोलता मारून दाखविली. याच मुलाच्या बुटाच्या नाड्या सौ. आठवीपर्यंत बांधीत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराच्या शोधाचा सराव होता. एका इमारतीच्या खोल्या अंधाऱ्या करून त्यांत धूर सोडला होता. आत कोठेतरी माणसाच्या वजनाचा एक बाहुला ठेवला होता. जवान दोघादोघांनी जातात, एकटा कधीच नाही. तोंडावर मुखवटा, पाठीवर दाबलेल्या हवेचा सिलिंडर. तो नुसता बसलेल्या माणसाला बराच वेळ पुरेल. पण राबणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाला बराच कमी. म्हणून दाराबाहेर एक टेबल, एक फळा आणि एक घड्याळ असते. आत जाणारा आपला बिल्ला तेथे देतो. त्याचे नाव, सिलिंडरमधला दाब आणि आत शिरल्याची वेळ फळ्यावर लिहितात, आणि हवा संपत आल्याची शिट्टी किती वाजता होईल त्याचा हिशेब मांडतात. शिट्टी होण्याच्या आधी बाहेर यायचे. माणूस सापडो वा न सापडो.

सौ. त्या फळ्यासमोर उभी राहिली. चौथ्या ओळीत आपल्या मुलाचे नाव आणि त्यापुढे वेळ लिहिलेली तिने वाचली. तिने मग कोणाकडे पाहिले नाही. घड्याळाकडेच पाहत होती. फळ्याजवळच्या प्रशिक्षकांनी तिला सांगितले, "ताई, याचं काम इथं सगळ्यात मोठं. आतल्याला वेळ समजत नाही. बाहेर कोणीतरी त्याची वेळ मोजत पाहिजे."

आत काय चालते ते चिरंजीवांनी आदल्या रात्री समजावून सांगितले होते. धुरात उभे राहायचे नाही. गरम हवा व विषारी वायू वर असतात, तळाशी थोडी बरी हवा उरते. गुडघ्यांवर जायचे. एक हात भिंतीला लावायचा, आणि उजवा लावला असेल तर शेवटपर्यंत उजवाच. परत येताना तीच भिंत डाव्या हाताला येईल. हात सोडला की माणूस संपला. दुसऱ्या हाताने पुढे चाचपडायचे ते तळहाताने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने. चुकून उघड्या विजेच्या तारेला स्पर्श झालाच तर स्नायू आखडून मूठ आत मिटते. तळहात पुढे असेल तर तार मुठीत धरली जाईल, पाठ पुढे असेल तर हात दूर ओढला जाईल.

मुलगा आणि त्याचा मणिपुरी जोडीदार वेळेच्या आत बाहेर आले. बाहुला सापडला नव्हता. मुखवटा काढला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. प्रशिक्षकांनी फळ्यावर वेळ लिहिली, मान डोलावली. वेळेवर आल्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मग ते एवढेच म्हणाले, "दरवाजे के पीछे कौन देखेगा?"

बाहुला दुसऱ्या खोलीच्या उघड्या दारामागे होता. दार आत उघडणारे. ते ढकलून दोघेही आत गेले, दाराची फळी भिंतीला टेकली, आणि त्या कोनात जे होते ते तसेच राहिले. प्रशिक्षक आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दरवर्षी ठेवतो आम्ही तिथंच. धुरात माणूस दाराकडेच येते ना. येते, पण दार सापडत नाही. दारापाशीच पडते."

वाचकहो, आम्ही सोबत काय घेऊन गेलो होतो ते आता सांगतो.

१९८१ च्या पौषातील गोष्ट. जुन्या इंदुरातला आमचा वाडा तीन कुटुंबांचा. खाली दगडी जोते, वर सागवानी खांब, तुळया आणि माडी. समोरचा बोळ एवढा अरुंद की वरातीची घोडी वळवावयास दोन माणसे लागत. आमच्या आत्या, आम्ही त्यांना आक्का म्हणत असू, माजघराला लागून असलेल्या खोलीत निजत. थंडी कडाक्याची, शेगडी खोलीत ठेवलेली. रात्री केव्हातरी निखारा रजईवर गेला. ज्वाळा अशा नव्हत्याच. कापूस आतल्या आत धुमसत राहिला. वडिलांना जाग आली तेव्हा माडीपर्यंत धूर होता. सगळे चौकात धावले. वडील आम्हांला म्हणाले, "आक्कांना उठव." आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आम्ही खोलीच्या दारापर्यंत गेलो, आत पाहिले तर काळोख. हाक मारली. आतून आवाज आला, "आले, आले." आम्ही तसेच चौकात परत धावलो आणि सांगितले, आक्का येताहेत.

चौकात मुले मोजली गेली, दागिन्यांचा डबा बाहेर आला, कोणी विहिरीचे पाणी ओढू लागले. प्रत्येकाला वाटले की आक्का दुसऱ्या कोणाच्या पाठीमागे आहेत. बंब बोळाच्या तोंडाशी अडला; जवान नळ ओढीत पायी आले. आग विझविण्यासारखे फार नव्हतेच. आक्का त्यांना उघड्या दारामागे सापडल्या, भिंतीला पाठ लावून बसल्यासारख्या. अंगावर भाजल्याची एक खूणही नव्हती. कापूस असा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू फार निघतो आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, हे आम्ही पुढे कॉलेजात शिकलो. तो धडा ज्या पुस्तकात होता ते पुस्तक आम्ही पुन्हा उघडले नाही. आक्का तर "आले" म्हणाल्या होत्या, मग आल्या का नाहीत, हा प्रश्न मात्र त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षे बंद झाला नव्हता. सौ.ला हे ठाऊक होते. मुलांना आम्ही कधी सांगितले नाही.

आमच्या लोकांची जुनी वास्तू म्हणजे दगडावर लाकूड. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला आणि आज तेथे तट, दरवाजे व जोती तेवढी उरली आहेत. आपला राजवाडा १९८४ च्या दंगलीत पेटला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वरच्या लाकडी मजल्यांचा तो लालभडक आकार आणि सकाळी शहरभर उडणारी राख ज्यांनी पाहिली त्यांना ती सांगावी लागत नाही. पुढे त्याची डागडुजी झाली, पण त्याच्या मागच्या अंगाकडे पाहताना आमच्या पिढीचा पाय अजूनही क्षणभर अडतो. लाकडाची इमारत नुसती जळत नाही, ती कोसळते. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीतील अशाच एका जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. हे सौ.लाही ठाऊक होते. मुलाच्या निवडीचे पत्र आले त्या दिवशी तिने तेच कात्रण काढून टेबलावर ठेवले होते.

दुसऱ्या फेरीत चिरंजीव आणि त्यांचा जोडीदार पुन्हा आत गेले व बाहुला घेऊन आले. सिनेमात जवान माणसाला खांद्यावर टाकून ज्वाळांतून ऐटीत चालत येतो. तसा उचलण्याचा प्रकार शिकवितात खरा, पण तो मोकळ्या हवेतला. धुरात कोणी कोणाला उचलीत नाही. उचलले की त्या माणसाचे नाक बरोबर विषात जाते. बेशुद्ध माणसाचे दोन्ही मनगट एकमेकांना बांधायचे, त्याच्या अंगावर ओणवे होऊन ते बांधलेले हात आपल्या मानेत अडकवायचे, आणि गुडघ्यांवर, कोपरांवर रांगत त्याला जमिनीलगत ओढीत आणायचे. आपल्याहून दीडपट वजनाचा माणूस असा येतो. मनगटे बांधायला काय लागते, तर हातभर कापड. मुलाने बाहुल्याची मनगटे आपल्या पंचाने बांधली होती.

सौ. बराच वेळ त्या पंचाकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "एवढ्याने झाले असते?"

आम्ही काही बोललो नाही.

दुपारी प्रशिक्षकांनी विचारले, "साहेब, जाऊन पाहता का आत?" धूर नसलेली, पण खिडक्या बंद केलेली एक खोली होती, मुखवट्याच्या काचेला काळा कागद लावला होता. एक जवान आमच्या मागे राहणार होता. आम्ही गुडघ्यांवर बसलो, उजवा हात भिंतीला लावला. दहा बाय बाराची खोली असावी. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग बाक आडवा आला आणि त्याला वळसा घालताना भिंतीवरचा हात सुटला. दोन वितींचे अंतर असेल. भिंत सापडेना. आपल्या श्वासाचा आवाज कानात मावेना आणि दिशा म्हणून जी काही वस्तू असते ती नाहीशी झाली. धूर नव्हता, ऊन नव्हते, मागे माणूस उभा होता, तरी आम्ही हाक मारली, "कोणी आहे का?" जवान मागून म्हणाला, "हूं साहब, दीवार ढूँढो." हाताला भिंत लागली. तिच्या कडेने आम्ही पुढे गेलो, एका फळीवर हात आपटला, फळी हलली, तिच्या पलीकडे भिंतच. मुखवटा काढला तेव्हा कळले की आम्ही दारामागे होतो. दार आमच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर सताड उघडे होते.

संध्याकाळी तिघे मैदानाच्या कडेला निंबाखाली बसलो. लाडवांचा डबा फिरून रिकामा झाला होता. केरळचे, राजस्थानचे, मणिपूरचे सगळे 'आंटी'चे लाडू खाऊन गेले. तेव्हा मुलाला आम्ही आक्कांचे सांगितले. तो मधे बोलला नाही. सांत्वनाचे काहीतरी बोलेल असे वाटले होते, पण त्याने विचारले, "दार आत उघडायचं की बाहेर?"

"आत."

"दोन फळ्यांचं?"

"हो. एक फळी नेहमी खुंटीने अडकवलेली असे."

"पलंग कुठल्या बाजूला?"

आम्ही सांगत गेलो आणि तो काडीने मातीत खोली काढीत गेला: पलंग, शेगडी, कोनाडा, दार. मग पलंगापासून त्याने एक रेघ ओढली, भिंतीच्या कडेने नव्हे, खोलीच्या मधून, कारण माणूस सवयीने तसाच जातो. रेघ दारापर्यंत आली, आणि खुंटीने अडकवलेल्या फळीला लागून वळली. "पहिला हात फळीला लागला असेल," तो म्हणाला. "त्या तिच्या कडेने गेल्या असतील. चुकीच्या बाजूला." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, बारा वर्षांच्या मुलाला पाठवायचंच नसतं." हे त्याने आमच्याकडे न पाहता, एखादा नियम सांगावा तसे सांगितले. अंधार पडला तरी तो मातीतला नकाशा त्याने पुसला नाही.

सौ.ने परतीच्या तिकिटाचा विषय काढला तेव्हा दोनच तिकिटांचा काढला. निघताना तिने मुलाला काही उपदेश केला नाही; फळ्यावरच्या त्या माणसाविषयी मात्र विचारले. तो रोज असतो ना? दुसरा कोणी आला तर त्यालाही वेळ मोजता येते ना? हिशेब चुकला तर? मुलाने प्रत्येक प्रश्नाचे नीट उत्तर दिले. गाडी सुटेपर्यंत तो फलाटावर उभा होता, डावा पाऊल जरा बाहेर टाकून.

इंदूरला आल्यावर आठवड्याभराने रात्री जाग आली तर सौ. जागेवर नव्हती. दिवा न लावता, डोळे मिटून, हाताची पाठ भिंतीला घाशीत ती पलंगापासून बाहेरच्या दाराकडे पावले मोजीत निघाली होती. चौदाव्या पावलाला मधल्या वाटेतले शिशवी कपाट तिच्या खांद्याला लागले. ते कपाट आमच्या आजोबांचे. वाडा विकला तेव्हापासून ते तिथे आहे आणि त्याला कोणी हात लावू नये असा घरात अलिखित कायदा आहे. सकाळी आम्ही दोघांनी मिळून ते मागच्या खोलीत सरकविले.

आता दार सतरा पावलांवर आहे.